पाटीवर आखलेलं आणि मैदानात खेळलेलं

पिट्सबर्ग,
फेब्रुवारी

प्रिय जमारी,

माझं अक्षर तू ओळखणार नाहीस, कारण तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. तू इथे असताना जिन्यातून हाक मारली की तू खाली जेवायला हजर व्हायचास. तुला कॅन्सस सिटीला पाठवलं त्यानंतर ना तू फोन केलास, ना मी. तुझ्या मनात राग असेल असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात थोडा होता. तो कसा गेला ते सांगायला बसले आहे, पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला ठाऊकच आहे. सवड काढून वाच.

इथे दोन आठवडे नदी गोठलेली आहे. मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण त्यांना कोण विचारतो? क्लेटनचं पुढे सांगते. गेल्या मंगळवारी तुमची मॅच पाहिली. तू एकटा लढत होतास आणि तुमचा संघ नेहमीसारखा हरत होता. तिसऱ्या सत्रात तो समालोचक, जाड भुवयांचा, पुन्हा तेच बोलला, “पोराच्या अंगात कला आहे हो, पण ऐकत कुणाचं नाही. क्लेटन बरेलसारख्या कोचनं हात टेकले, तिथे बाकीच्यांचं काय?” मी इस्त्री करत होते. ती तशीच उभी करून टीव्ही बंद केला. उन्हाळ्यात तुझा करार संपतोय आणि तुमचा संघ तो पुढे चालवणार नाही असं ऐकते. दुसराही कुणी विचारत नाही म्हणे. तेवीस वर्षांच्या पोराच्या कपाळावर ‘ऐकत नाही’ असा शिक्का बसला की तो पुसायला कोण येतं?

तू पहिल्यांदा आमच्या घरी आलास तो रविवार मला आठवतो. एकोणीस वर्षांचा होतास आणि मिसिसिपीच्या उन्हातून थेट आमच्या बर्फात आला होतास, पातळ जाकीट घालून. क्लेटननं तुला दारात पाहिलं आणि म्हणाला, “बर्टा, याला आधी कोट दे, मग जेवायला दे, नाहीतर नव्या पोरांतली आपली पहिली निवड फुकट जायची.” तू कोलार्डची पालेभाजी तीनदा वाढून घेतलीस आणि चौथ्यांदा लाजलास. त्या दिवसापासून रविवारचं तुझं ताट ठरलेलंच झालं. जेवण झाल्यावर तुम्ही दोघं टेबलावर मिठाच्या, मिरीच्या डब्या मांडून खेळी रचायचात आणि माझं टेबल आवरायचं राहून जायचं. क्लेटन लोकांची स्तुती करणाऱ्यांतला नव्हता. पण तू गेल्यावर भांडी पुसताना म्हणायचा, “या पोराला मागचं पण दिसतं गं.”

तिसऱ्या वर्षी तू असा वर आलास की बेकरीतली बाईसुद्धा मला पैसे परत देताना तुझं नाव घ्यायची. संघ सगळ्यांच्या वर होता. या गावाला विजेतेपद हवं होतं, आणि क्लेटनला तर त्याहून जास्त. चौतीस वर्षं तो बाकावर बसला, कोट घालून उभा राहिला, घसा फोडून ओरडला. अंतिम फेरीत दोनदा गेला आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातानं परतला. तो म्हणायचा, “मला एकदाच जिंकायचंय, मग मी टोमॅटो लावीन.”

आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत पॉल ड्रेस्लर आमच्याकडे आला. संघाचे सगळे सौदे तोच करायचा. माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यानं विषय काढला की तुला देऊन कॅन्सस सिटीचा कोल हॅगर्टी आणायचा. सात फुटी, अनुभवी, बास्केटखाली भिंतीसारखा उभा राहणारा. क्लेटननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पॉल, पुढची दहा वर्षं देऊन एक उन्हाळा विकत घेतोयस.” पॉल म्हणाला, “आपला सगळ्यात जुना खेळाडू डॅरिल, त्याचे गुडघे अजून एक वर्ष टिकतील, तुझं वय चौसष्ट. दहा वर्षं कुणाकडे आहेत, क्लेटन?” दोघं बराच वेळ हुज्जत घालत होते. माझी कॉफी थंड झाली. क्लेटन तुला सोडायला तयार नव्हता, हे तुला कुणी कधी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला, “हे पोर माझ्या घरचं आहे.”

मग पॉलनं लॅपटॉप उघडला. अटीतटीच्या मॅचमधले शेवटचे टाइमआउट त्यानं एकामागून एक कापून लावले होते. पडद्यावर क्लेटन पाटीवर खेळी आखतोय, तू मान हलवतोयस, आणि मैदानात जाऊन भलतंच करतोयस. प्रत्येक वेळी तेच. “जिंकलो, मान्य. पण हा तुझं ऐकत नाही, क्लेटन. प्लेऑफमध्ये, सगळ्या देशासमोर, तुझा शब्द पाळणार नाही असा पोरगा मी कसा ठेवू?” क्लेटनचा चेहरा उतरला तो मी पाहिला. त्यानं तुला फोन करून बोलावून घेतलं.

तू आलास. बूट दारात काढलेस. क्लेटननं तो पडदा तुझ्याकडे फिरवला आणि विचारलं, “मी हे आखलं होतं. तू हे केलंस?” तू बघितलंस. मग त्याच्याकडे बघितलंस, खूप वेळ. मला तेव्हा वाटलं की तू सबब शोधतोयस. आणि तू म्हणालास, “नाही केलं, कोच. मला वाटलं, मला जास्त कळतं.”

एवढंच. पॉलनं लॅपटॉप मिटला. क्लेटन उठून मागच्या अंगणात गेला, कोट न घालता. मी तुझ्यासाठी काढलेलं ताट परत कपाटात ठेवलं. दारात तू वाकून मला मिठी मारलीस आणि कानाशी म्हणालास, “मिस बर्टा, कोचना रात्री एकट्यानं गाडी चालवू देऊ नका. अंधारात त्यांची गडबड होते.” मला वाटलं, डोळ्यांचं म्हणतोयस. मी त्याला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले.

हॅगर्टी आला, आणि भिंतच ती, मॅचमागून मॅच जिंकत गेलो. गावात लोकांनी दारात झेंडे लावले. पुढचं तू टीव्हीवर पाहिलं असशील. अंतिम फेरीची सातवी, निर्णायक मॅच, एका गुणानं मागे, शेवटचा टाइमआउट. क्लेटननं पाटीवर भराभर रेघा ओढल्या. पाचही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. डॅरिलनं काहीतरी विचारलं, तर क्लेटन खेकसला, “लेनार्डला द्या, लेनार्डला!” मी त्याच्या मागे चार ओळी सोडून बसले होते, मला स्पष्ट ऐकू आलं. लेनार्ड क्लेटनच्या जुन्या, सेंट लुईसच्या संघात होता, डावखुरा. त्याला खेळ सोडून वीस वर्षं झाली. पोरं मैदानात गेली आणि पाच जण पाच वाटांना पळाले. चेंडू कुणाच्याच हाताला लागला नाही. हूटर वाजला तेव्हा क्लेटन पाटीकडेच बघत उभा होता.

पेपरांनी लिहिलं, म्हातारा दडपणाखाली मोडला. त्यानं राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये केस कापायला म्हणून निघाला, तो संध्याकाळी ओहायोत एका पेट्रोल पंपावर सापडला. तिथल्या पोरीला विचारत होता, आमच्या संघाची बस कुठे लागली आहे. मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. कमीत कमी दोन-तीन वर्षांपासून असणार, असंही सांगितलं. मी ते ऐकलं, पण तेव्हा माझ्या डोक्यात तू आला नाहीस. डोकं त्याच्या गोळ्यांत होतं, दारांना लावायच्या कड्यांत होतं.

आता या जानेवारीतलं सांगते. बास्केटबॉल लावलं की तो शांत बसतो, कपडे उपसत नाही. दुपारी मी हाताला लागली ती जुनी मॅच लावली आणि वाटाणे सोलत बसले. तुझ्या तिसऱ्या वर्षातली निघाली. शेवटचा टाइमआउट आला. कॅमेरा पाटीवर गेला, आणि क्लेटन खुर्चीत ताठ झाला. कितीतरी महिन्यांनी मी त्याचा तो आवाज ऐकला, खेळाडूंवर ओरडायचा तो. “हा कोच कोण आहे? डावखुऱ्याची खेळी लावतोय, आणि त्याच्याकडे एकही डावखुरा नाही! वेडा आहे का?” मी म्हटलं, “बघ तरी पुढे.” तो पुढे सरकला, पडद्याला बोट लावलं. तुला लावलं. “या पोराकडे बघ. पाटी बघितली, मान हलवली, वाद नाही घातला. आणि बाहेर येताना चौघांच्या कानात बोलला, बघ, बघ. आता फिरवली खेळी. शाब्बास!” चेंडू बास्केटमध्ये पडला. क्लेटन मागे टेकला. “म्हाताऱ्याची अब्रू राखतंय पोरगं,” म्हणाला.

मी वाटाण्यांचं भांडं खाली ठेवलं. आणि विचारलं, “तू ओळखतोस का त्या कोचला?” त्यानं नीट बघितलं. पडद्यावर तो स्वतः हसत तुझ्या पाठीवर थाप मारत होता. “नाही,” म्हणाला, “पण बिचाऱ्याला कुणीतरी घरी न्यायला हवं.”

मग पॉलनं लावल्या होत्या त्या सगळ्या मॅच मी शोधून काढल्या. रोज दुपारी एक लावायची आणि त्याला विचारायचं. प्रत्येक वेळी त्यानं कोचला शिव्या दिल्या आणि तुला शाब्बासकी. मी डॅरिलला फोन केला. तो म्हणाला, “जमारी बाहेर येताना सांगायचा, आता हे करा, आणि कोचना कळू देऊ नका. मला वाटलं, पोरगं शेफारलंय. पण जिंकत होतो, म्हणून गप्प बसलो.” दोन सहायक कोच शेजारी बसलेले असायचे. त्यांनाही दिसलं असणार, पण बरेलच्या तोंडावर कोण बोलणार? मग तुझ्या आजीला फोन केला. तिनंच सांगितलं की तुझे आजोबा शेवटी असेच झाले होते. दुकानात ते चुकीचे पैसे पुढे करायचे तेव्हा नऊ वर्षांचा तू मागून हळूच बरोबर नोट सरकवायचास आणि म्हणायचास, “आजोबांनीच दिली.” म्हणजे आमच्या घरात चौतीस वर्षं संसार केलेल्या बाईला जे दिसलं नाही, ते तुला दिसलं होतं. आणि त्या स्वयंपाकघरात एक वाक्य बोलला असतास तर तू इथेच राहिला असतास. पण ते वाक्य बोललं की क्लेटन तिथेच, पॉलच्या समोर, संपला असता. तू त्याच्याकडे इतका वेळ का बघत होतास, ते मला आता कळतंय.

तर मी हे पत्र का लिहिते आहे ते ऐक. परवा गावातल्या पेपरची एक बाई येऊन गेली. एप्रिलमध्ये मैदानाला क्लेटनचं नाव देणार आहेत, त्यासाठी त्याच्यावर लेख हवा होता. मी तिला सगळं सांगितलं. मॅच दाखवल्या, डॅरिलशी बोलणं करून दिलं. लेख येत्या रविवारी छापून येईल. पॉलला कळलं तसा तो धावत आला. म्हणाला, “रोबर्टा, नाव देणं रद्द होईल. लोक म्हणतील, डोकं फिरलेल्या माणसाच्या हातात संघ होता. त्याच्या जिंकलेल्या मॅचसुद्धा त्याच्या राहणार नाहीत.” मी म्हटलं, “शेवटच्या वर्षीच्या त्याच्या नव्हत्याच, पॉल.” तुला मी मुद्दाम विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मी तुझं ऐकलं असतं. तू माझ्या नवऱ्याची लाज राखलीस. पण आता लाज वाटायला तो स्वतःच उरलेला नाही, जमारी, आणि तुझं सगळं आयुष्य अजून पुढे आहे. रविवारी फोन वाजायला लागतील. कुणाशी बोलायचं, कुणाशी नाही, ते तू ठरव. माझ्यावर रागावलास तरी चालेल. पण शब्द परत घ्यायला सांगू नकोस, ते मी करणार नाही. आणि क्लेटनला भेटायला यायचं असेल तर दुपारी ये, तेव्हा तो शांत असतो. तो तुला ओळखणार नाही. मी ओळखीन.

तुझीच,
मिस बर्टा