सातपुडा वर ठेवून

प्रिय डिंपल,

परवा तुझा फोन पुन्हा मध्येच तुटला. ‘आबा, खरं सांगा,’ एवढं ऐकू आलं आणि पुढे नुसता वारा. साक्रीच्या पठारावर पवनचक्क्यांना वारा भरपूर आहे, फोनला रेंज नाही, त्याला तू तरी काय करणार. म्हणून पत्र लिहितो आहे. स्वप्नीलराव बाजाराच्या दिवशी खाली साक्रीत उतरतात तेव्हा टपाल घेऊन येतात, हे माझ्या लक्षात आहे. तसंही हल्ली मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. फोनवर तू विचारतेस, कसं वाटतंय, आणि मी इकडे बोदवडच्या ओट्यावर उत्तर शोधत बसतो.

शेजारच्या अभिमनकाकांनी तुला सांगितलं ते खरं आहे. त्यांची जुनी जीप मी घेतली आणि ती घेऊन मी चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला रानोमाळ हिंडतो. आबांचं डोकं फिरलंय, हे मात्र त्यांनी पदरचं घातलं. डोकं जागेवर आहे. बिघाड असलाच तर दुसरीकडे आहे. दीपनगरच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये एखाद्या मीटरचा काटा शून्यावर पडलेला दिसला की आम्ही आधी विचारायचो, यंत्र बंद पडलंय की वायर तुटलीय? तुझी आई गेल्यापासून माझा काटा शून्यावर आहे. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी पेटली. लोक येऊन रडून गेले, मी त्यांना चहा दिला. वायर तुटलीय की यंत्रच बंद पडलंय, हे मला अजून कळलेलं नाही. असो.

यंत्राचं सांगतो, कारण तुला तेच विचारायचं होतं ना, की या वयात हे जीपीएसचं खूळ कुठून आलं. तर सुरुवात मोबाईलवरच केली. यावलच्या पुढे केळीच्या बागा संपेपर्यंत मोबाईल बरा चालला. पुढे रेंज गेली तशी नकाशा गेला आणि पडद्यावर नुसते करडे चौकोन राहिले. त्यात आपल्याकडचं ऊन. मोबाईल तव्यासारखा तापला आणि मला थंड होऊ द्या, असा इंग्रजीत निरोप देऊन बंद पडला. मग जळगावच्या एका दुकानातून गाडीत लावायचं यंत्र आणलं. त्यात एक बाई बोलते. तिला फक्त डांबरी रस्ते ठाऊक. मी नाल्यात उतरलो की ती म्हणायची, शक्य असेल तिथून मागे वळा. तुझी आई शेजारी बसली असती तर तिनेही हेच सांगितलं असतं, पण निदान कारण सांगितलं असतं. मी ते यंत्र परत केलं.

शेवटी पुण्याहून हातात धरायचं यंत्र मागवलं. दिसायला ओबडधोबड आहे, पडदा लहान, पण भर उन्हात स्वच्छ दिसतो. बटणं दाबायची असतात, त्यामुळे घामाच्या बोटांनीही चालतं. सेल साधे आहेत, भिंतीवरच्या घड्याळाचे, कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. नकाशा आधीच आत भरून ठेवायचा, म्हणजे रेंजचा प्रश्न येत नाही. आपण गेलो ती वाट ते मागे रेघ ओढत जपून ठेवतं, आणि परत फिरायचं म्हटलं की त्याच रेघेवरून घरी आणतं. स्वप्नीलरावांना कधी घ्यायचं झालं तर असंच घ्यायला सांग. मोठा पडदा आणि गोड आवाज यांच्यामागे लागू नका म्हणावं. आणि कागदी नकाशा न् होकायंत्र गाडीत ठेवायचंच.

आता मुख्य गोष्ट. मी तुझ्या आईचं माहेर शोधत होतो.

नवं गाव नव्हे. ते रस्त्यावरच आहे, तिथे लोटनमामा राहतात आणि एसटी थांबते. मी म्हणतो ते जुनं गाव. नाल्याच्या पुरानंतर सगळे उठून रस्त्यावर आले आणि जुनं गाव तसंच मागे राहिलं. तू ते पाहिलेलंच नाहीस. मी पाहिलं, पण नसल्यासारखंच. आपल्याकडे जावयाला वाट माहीत असण्याची गरजच पडत नाही. तुझ्या आजोबांची बैलगाडी फाट्यावर उभी असायची. मी गादीवर आडवा व्हायचो आणि डोळे उघडायचो ते थेट दारात. तिथे बाजेवर बसायचं, पाणी हातात यायचं, खीर हातात यायची. नाला कुठे लागतो, विहीर कोणत्या अंगाला आहे, हे बघायला कधी उठलो नाही. उठलो असतो तर त्यांनी बसवलं असतं. सासरच्या गावाबाबत माझ्याइतका आंधळा माणूस मीच.

त्या विहिरीबद्दल मात्र मी तिच्या तोंडून सगळा संसारभर ऐकलं. तूही ऐकलं आहेस. दीपनगरच्या फिल्टरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, बोदवडच्या पाण्यात तर दगडसुद्धा भिजायचा नाही, आणि आमच्या विहिरीच्या पाण्यात तूर नुसती दाखवली तरी विरघळायची. मी चेष्टा करायचो. एकदा कुकरशी झगडताना ती चिडून म्हणाली होती, मी मेल्यावर माझी घागर तरी त्या पाण्यानं भरा. तेव्हा आपण दोघंही हसलो होतो. तू तेव्हा बारावीला होतीस.

होळीनंतर लोटनमामांकडे गेलो. त्यांना जुन्या गावाची वाट विचारली. म्हणाले, ‘पावना, तुमले वाट दखाडाले मन्हा गुडघाच राहिनात नहीत. नालाना काठेकाठे वर्‍हे चाला, हीर सापडी जाई.’ गुडघे राहिले नाहीत, नाल्याच्या काठाने वर जा, विहीर सापडेल. इतकं सोपं. मग विडी पेटवून हळूच म्हणाले, ‘पहिली आखाजी शे बहीननी. घागर तं भरनी पडी.’ बहिणीची ही पहिली अक्षय्य तृतीया, तिच्या नावाची घागर भरावीच लागेल. मी चहा पिऊन निघालो.

आणि पहिल्याच दिवशी चुकलो. हे ऐकून तू हसशील. मी बोदवडचा. आमचा डोंगर दक्षिणेला. लहानपणापासून वर म्हणजे दक्षिण आणि खाली म्हणजे तापी. तुझ्या आईचा डोंगर सातपुडा, तिचं वर म्हणजे उत्तर. लग्न झाल्यापासून हे भांडण आमच्या घरात होतं. ती म्हणायची, वरच्या अंगाच्या खिडकीत डबा आहे, आणि मी नेमका उलट्या खिडकीत हात घालून नाही म्हणून ओरडायचो. तेच नाल्यात झालं. यंत्रात नकाशाचं तोंड आपण चाललो त्या दिशेला फिरत होतं. मी समजत होतो की पडद्यावरचा बाण वर आहे म्हणजे मी डोंगराकडे चाललो आहे. एका वळणावर मोठा दगड आडवा आला, त्याला वळसा घालताना जीपचं तोंड फिरलं. बाण तरीही वरच. वैशाख जवळ आल्यासारखा धुरळा, बाभळी दाटलेल्या, सातपुडा कुठे दिसेना. मी आपला खुशीत वर चाललो आहे, आणि बाहेर निघालो ते थेट तापीच्या अंगाला, जीवराम नावाच्या माणसाच्या केळीच्या बागेत. तो घड झाकत होता. मी विचारलं, डोंगर किती लांब? त्याने माझ्या पाठीमागे बोट केलं.

यंत्राचं काही चुकलं नव्हतं. मीटर खोटं बोलत नाही, वाचणारा चुकतो, हे मी नव्या पोरांना आयुष्यभर शिकवलं. त्या दिवशी बागेच्या सावलीत बसून मी एक गोष्ट बदलली. नकाशाची उत्तर कायम वर राहील असं केलं. आता जीप कुठेही वळो, सातपुडा पडद्यावर वरच असतो, तुझ्या आईच्या डोक्यात होता तसा. इतक्या वर्षांत हे मी तिच्यासाठी एकदा तरी करायला हवं होतं, असं काही मनात येईल म्हणून थांबलो. आलं नाही. पाणी प्यायलो आणि घरी आलो.

पुढच्या वेळी जुना सरकारी नकाशा मिळवून यंत्रात भरला. त्यावर जुनं गाव अजून आहे, नावासकट. माणसं उठून गेली तरी नकाशावरून गाव लवकर उठत नाही. त्या नावावर खूण केली आणि बाणामागे निघालो. शेवटचा टप्पा जीपला जमेना, पायी गेलो. दरीसारख्या जागेत यंत्र जरा भरकटतं, आकाश कमी दिसलं की त्याला आपण नेमके कुठे आहोत ते कळत नाही. अशा वेळी उघड्यावर येऊन उभं राहायचं आणि त्याला वेळ द्यायचा. मी उभा राहिलो. मग बाण स्थिर झाला आणि पायाखाली चुलीचे दगड दिसले, भिंतींचे पाये दिसले, आणि पुढे विहीर. काठाच्या दगडाला दोरानं पडलेल्या खाचा आहेत. त्यातली एखादी खाच पाडायला तुझ्या आईचाही हात लागला असेल. मी त्या खाचेत बोट घालून बघितलं. गुळगुळीत होती. पाणी खोल होतं, पण होतं.

यंत्रात त्या जागेची नोंद केली. ते नाव विचारतं. त्याला आपली अक्षरं येत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरं जुळवून ‘माहेर’ लिहिलं. कॅन भरून घेतला. घरी येऊन मोठ्या अपेक्षेने त्या पाण्यात तुरीची डाळ लावली. शिजली. नेहमीसारखीच शिजली. मला काही फरक कळला नाही. तिला कळला असता. ताट पुढ्यात घेऊन मी बसून होतो आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की हे सांगायला घरात कुणी नाही. रडू नाही आलं. पण काटा हलला, डिंपल. थोडासा. वायर तुटलेली नाही एवढं कळलं.

आता तुला आवडणार नाही ते लिहितो. चौदाव्या दिवशी निघताना तू उंबऱ्यात म्हणालीस, आई नाही तर माहेर कसलं, आता मी नाही यायची. मी तुला अडवलं नाही, कारण मला ते पटलं होतं. आखाजीला तुझी आई एसटीने साक्रीला जायची, तुला घेऊन यायची, निंबाला झोका बांधायची, मी फक्त बाजेवर बसून रसासाठी आंबे माचायचो. माझ्यासाठी कुणी का यावं? आणि तू एकदा म्हणाली होतीस, आबा, आमच्या क्वार्टरपर्यंत धड रस्ताच नाही, तुम्हाला सापडायचं नाही. तेही खरं होतं. मी आयुष्यभर जावई होतो, मला कुणीतरी न्यायचं. ती घागर मला एकट्याने भरायची नाही. म्हणून या आखाजीला तुला माहेरी न्यायला येणारा मुऱ्हाळी मी आहे. आदल्या दिवशी सकाळी जीप घेऊन निघतो. तुमच्या क्वार्टरचे अक्षांश-रेखांश स्वप्नीलरावांकडून मागेच घेऊन यंत्रात भरून ठेवले आहेत, त्यांच्यावर रागावू नकोस. पठारावर चढलो की पवनचक्क्यांच्या मधून धुरळा येताना दिसेल. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मी चहा पिऊन परत फिरेन, परतीची रेघ यंत्रात आहे. पण पिशवी भरून ठेवलीस तर बरं होईल. घागर मी विकत आणली आहे, लाल मातीची. विहिरीवर तुला घेऊन जातो. वाट आता मला येते.

तुझाच,
आबा