पलीकडच्या काठावरचे सात

मॅरोबरो, ता. २१ एप्रिल १८७९

ती. केझायाताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या गुडघ्यांची चौकशी केली तर चिडशील, म्हणून थेट कामाचं लिहितो. आपल्या कोल्टर्स बेंडचा इतिहास छापायचं ठरलंय आणि समितीने मला चिटणीस केलंय. हसू नकोस. नॅशनल रोड आपल्या नदीपर्यंत आला तेव्हापासूनचं सगळं त्यात येणार आहे: पश्चिमेला निघालेल्या गाड्यांच्या रांगा, खाणावळी आणि पूल होण्याआधीची आपल्या बाबांची नाव.

पुलाजवळ बाबांच्या नावाचा दगड बसवणार आहोत. पलीकडच्या सिकमोरच्या झाडाला टांगलेला पत्र्याचा कर्णा कुणीही फुंकावा आणि बाबांनी पुरात, बर्फात नाव घालावी, हे नव्या मुलांना कुठे ठाऊक? बाबा नेहमी म्हणायचे तेच कोरतोय, की कर्णा वाजला आणि जोथम टफ्ट गेला नाही असं कधी झालं नाही.

तेहतीस सालच्या पटकीवरही एक पान आहे. गावाने वाटसरूंना कसा आधार दिला, ते तू लिहून पाठव. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, मला काही आठवत नाही. मार्थाने सफरचंदाचा मुरांबा दिलाय, गोड मानून घे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लेमुएल

कोल्टर्स बेंड, ता. २९ एप्रिल १८७९

चि. लेमुएल यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

मुरांबा पोचला. मार्थाला सांग, साखर घालताना हात आखडू नये.

तुला पान हवंय ना, मग घे. आधार बिधार काही दिला नाही. साथ रस्त्यानेच पुढे सरकत होती. वरच्या गावात चार माणसं गेली, तेव्हा आपले वडीलधारे बाबांकडे आले आणि नाव बंद ठेवा म्हणाले. पलीकडे तीन गाड्या थांबल्या होत्या. त्यांच्यातली काही माणसं आजारी होती. बाबा म्हणाले की कर्णा वाजला तर मला जावंच लागेल, तो माझा शब्द आहे.

मग पहाटे बाबांनी मला होडीत घेतलं, पलीकडे गाड्यांमध्ये माणसं झोपलेली असताना आम्ही कर्णा काढला आणि घरी आणला. मी सोळा वर्षांची होते, न कळण्याचं वय नव्हतं. तीन दिवस ती माणसं हाका मारत होती. आपण खिडक्या लावून घेतल्या. नियम कर्ण्याचा होता, हाकेचा नव्हता. सात माणसं तिथे मेली. चौथ्या दिवशी आईने कुणाला न विचारता होडी काढली आणि उरलेल्यांना आणलं. त्यानंतर वर्षभर ती बाबांशी बोलली नाही. तुला वाटायचं तिचा घसा बसलाय.

बाबांचं वाक्य खोटं नाही, म्हणूनच मला ते दगडावर नको. छापायचं तर हे छापा, माझ्या नावासकट. माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई,
केझाया

मॅरोबरो, ता. ८ मे १८७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रात्रभर डोळा लागला नाही. ज्यांच्या ताटात जेवलो त्यांच्यावर तू चिखल उडवतेस? बाबांनी गाव वाचवलं असंही म्हणता येईल. समितीला मी फक्त इतकंच सांगितलं की त्या पानावर तुझं म्हणणं वेगळं आहे. अध्यक्ष म्हणाले की वयाने आठवणी घसरतात.

दगड कोरून झालाय. एकतीस तारखेला समारंभ आहे. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवतोय. ये, बस आणि माझ्यासाठी एवढंच कर, गप्प राहा. मेलेल्यांना आता त्याचं काय? रागावलो असलो तरी तुझाच आहे.

लेमुएल

कोल्टर्स बेंड, ता. ४ जून १८७९

चि. लेमुएल यास आशीर्वाद.

माझ्या आठवणी घसरल्या असत्या तर मी सुखी झाले असते, हे अध्यक्षांना कळव.

मी उठले आणि बोलले. तुझं तोंड पांढरं पडलेलं मला दिसलं, तरी थांबले नाही. बँडवाल्यांनी मध्येच वाजवायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलले. तू पाठ फिरवून निघून गेलास, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही.

पलीकडच्या गावातली एक बाई पूल ओलांडून आली होती. डॉर्कस व्हिटलो तिचं नाव. तेहतीस साली ती त्या गाड्यांमध्ये होती, सहा वर्षांची. आपल्या माणसांबद्दल आज काय बोलतात ते ऐकायला आले, म्हणाली. मी माफी मागितली नाही, तिनेही दिली नाही. तिने एकच गोष्ट सांगितली. झाडावर रिकामा खिळा बघून तिच्या बापाला वाटलं, कर्णा वाऱ्याने खाली पडला असेल. पटकीने गळून गेलेला तो माणूस दोन दिवस गवतात कर्णा शोधत होता. तिथेच पडला.

सातही नावं तिला पाठ आहेत. मी ती लिहून घेतली. तुझं पुस्तक त्यांना जागा देणार नाही, पण रस्त्याकडची माझी भिंत माझी आहे. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला वाचता येतील एवढी मोठी अक्षरं काढणार आहे. अध्यक्षांनी घर पाडायची धमकी पाठवली आहे. पाडू देत, मी आत बसलेली असेन. पटलं नाही तरी ताईला टाकू नकोस.

केझाया

मॅरोबरो, ता. ९ जून १८७९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गवतात शोधणाऱ्या त्या माणसापाशी मी अडकलो. चार वेळा पत्र वाचलं, पुढे सरकताच येईना.

आज चिटणीसपद सोडलं. अध्यक्ष म्हणाले की तुमच्याच बापाचा दगड आहे, विचार करा. म्हटलं, केलाय.

गुरुवारी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन येतो. सात नावं तू आणि त्या व्हिटलोबाई लिहा, तो हक्क तुमचा. त्यांच्या खाली, यांना नदी कुणी ओलांडू दिली नाही, ते लिहायला जागा सोड. बाबांचं नाव मी लिहिणार आहे.

तुझा भाऊ,
लेमुएल