शंभर प्रश्नावल्यांचा नियम

३ मार्च, सोमवार
एम.कॉम. दुसरे वर्ष, संशोधन पद्धती. फळ्यावर लिहिले: जे विधान चूक ठरण्याची शक्यताच नाही, ते शास्त्रीय नाही. मागच्या बाकावरून अमोल : "सर, मग आमचं चुकलं तर मार्क कापणार का?" वर्ग हसला. सांगितले, गृहीतक चुकले म्हणून गुण जाणार नाहीत. माहिती घरी बसून बनवली तर जातील. शीतलने तेवढेच वहीत उतरवून घेतले.

७ मार्च, शुक्रवार
प्रकल्प जमा. नियम शंभर दुकानदारांचा. शीतलच्या प्रश्नावल्या बासष्टच. काहींवर चहाचे डाग, कित्येक रकाने रिकामे. "सर, गुलमंडीत गिऱ्हाईक नसलं तरच बोलतात. बाकीचे म्हणले, पुढं जा ताई." मोबाइलवर पैसे घेणारे दुकानदार बहुधा तरुण असतील, हे तिचे गृहीतक. तसे निघाले नाही, आणि तसे तिने स्वच्छ लिहिले आहे. असा निष्कर्ष बऱ्याच वर्षांनी वाचला.
अमोलच्या बरोबर शंभर. एकही चुरगळलेली नाही.

८ मार्च, शनिवार
अमोलच्या गठ्ठ्यातील पाच पत्ते घेऊन शहागंजला गेलो. चार दुकानांत कोणीही विद्यार्थी आलेला नाही. पाचवे दुकान सापडलेच नाही. कापडवाले चाचा म्हणाले, "कोई नै आया, सर. आता तुम्ही आलात तर तुम्हीच भरून घ्या." स्वतःचा रोजा असून माझ्यासाठी चहा मागवला.

१० मार्च, सोमवार
विभागप्रमुख मॅडमना सर्व सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाचावरून शंभराचं कसं ठरवता, सर? तुमचाच नमुना फार छोटा आहे." मग निर्णय दिला : अमोलचा प्रकल्प मान्य. शीतलने बुधवारपर्यंत शंभर पूर्ण कराव्यात, अन्यथा पुढील वर्षी. तिला जूनमध्ये एका पतसंस्थेत रुजू व्हायचे आहे. निकालाशिवाय घेणार नाहीत.
हा निरोप मीच दिला. तिने एवढेच विचारले, "अमोलचं झालं का, सर?"
झाले, म्हणालो.

१२ मार्च, बुधवार
शीतलने उरलेल्या अडतीस आणून दिल्या. दोन दिवसांत. एकच निळी शाई, सगळे रकाने भरलेले.
"कोणत्या बाजारात फिरलीस?"
"सर, तुमी नका ना विचारू."
रागाने म्हणाली नाही. मला अडचणीत टाकायचे नाही, अशा सुरात. मग वाकून नमस्कार करू लागली, तो मी करू दिला नाही.
बासष्ट आणि अडतीस वेगवेगळ्या बांधून टेबलावर ठेवल्या आहेत. सोबत छापील प्रमाणपत्र : 'सदर माहिती विद्यार्थ्याने प्रत्यक्ष संकलित केल्याची मी खात्री केली आहे.' खाली माझ्या सहीची जागा. उद्या अकरापर्यंत कार्यालयात द्यायचे.
सोमवारच्या नोंदीत एक गोष्ट लिहायची राहिली. अमोलच्या प्रमाणपत्रावर मी त्याच दुपारी सही केली आहे.