थेल्माच्या सुनावणीला कोण गेलं

लाउथ, ९ मार्च २०१७

चि. थेल्मा हिस,
विनीचे अनेक आशीर्वाद. रागात असले तरी थोरलीने ते द्यायचेच असतात, म्हणून दिले.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मी भलतंच ऐकते, असं तूच म्हणतेस, तेव्हा लिहूनच विचारते. काल बाजारात मामाची नॉर्मा भेटली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला ठाऊकच आहे. म्हणाली की सोमवारी ग्रिम्सबीत तुझ्या अपंग भत्त्याच्या अपिलाची सुनावणी झाली आणि सोबतीला मॉइरा होती. मी निवडलेली कोबी तशीच टाकून घरी आले.

मॉइरा! माशांच्या कारखान्यात तुझ्या शेजारी उभी राहून पाकिटं भरायची, एवढंच तिचं नातं. आई गेल्यापासून तुझं दुखलंखुपलं मी बघितलं. दर रविवारी सोळा मैल बसने येते. तुझा भत्ता आणि त्या भत्त्यावर भाड्याने मिळालेली गाडी राहते की जाते, हे त्या खोलीत ठरणार होतं, आणि तिथे तुला ती चालली, मी नाही.

मला हेवा वाटतो असं म्हणशील. वाटतो. झालं समाधान?

माया आटलेली नाही, पण सध्या झाकून ठेवली आहे.
तुझी,
विनी

*

ग्रिम्सबी, १३ मार्च

ती. विनीताईस,
थेल्माचा सा. न.

अक्षर मॉइराचं, शब्द माझे. आधीच सांगते, नाहीतर इथेच फाडशील. माझ्या बोटांत सध्या पेन ठरत नाही.

सुनावणीच्या पत्रात लिहिलं होतं की धीराला कुणाला तरी आणता येईल. मॉइरा सोमवारी मोकळी असते, म्हणून तिला नेलं. तू उगाच राईचा पर्वत करू नकोस. समोर तिघं होते: एक न्यायाधीश बाई, एक डॉक्टर, आणि एक गृहस्थ स्वतःच चाकांच्या खुर्चीत. त्यांनी मॉइराला विचारलं की ती कोण, आणि बजावलं की बसावं, पण माझ्या वतीने उत्तरं देऊ नयेत. मॉइराला गप्प बसायला सांगणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

डॉक्टरांनी विचारलं मी कशी आहे. मी आपली सवयीने म्हणाले की बरी आहे, तक्रार काही नाही. मॉइराने टेबलाखालून माझ्या खुर्चीला अशी लाथ घातली की मी हलले. मग मात्र खरं सांगितलं. निकाल अजून लागलेला नाही.

मॉइरा तुला नमस्कार सांगते. तो घेशील की नाही ते तू ठरव. मला मात्र दूर करू नकोस.
तुझी धाकटी,
थेल्मा

*

लाउथ, १७ मार्च

चि. थेल्मा हिस,
आशीर्वाद, तुला एकटीलाच.

म्हणजे आता तुझी पत्रंही तीच लिहिणार! अक्षर आहे का माशाचे काटे? माझ्या बहिणीच्या मनातलं मी तिच्या हातून वाचायचं, असे दिवस आले.

तिने केलं काय, तर खुर्चीला लाथ मारली. मी काय केलं ते विसरलीस? ऑगस्टमध्ये भत्त्याची तपासनीस बाई घरी आली, तेव्हा कोण होतं? मी आदल्या दिवशीच येऊन राहिले, घर आरशासारखं केलं, सकाळी तुझे केस विंचरले, तुला निळा ब्लाउज घातला. चहाबरोबरचे स्कोन केक मी भाजले आणि नाव तुझं सांगितलं. बाईला ठणकावून म्हटलं की आमची थेल्मा सगळं स्वतः करते, किनाऱ्यावर फेरफटका मारते, कुणापुढे हात पसरणारी नाही. किती कौतुक करून गेली बाई! तेव्हा मी लागले. न्यायाधीशांपुढे मिरवायची वेळ आली की मॉइरा.

माझं काय चुकलं ते एकदा लिही. तोवर रविवारी मी येणार नाही.
विनी

*

ग्रिम्सबी, २४ मार्च

ती. विनीताईस,
सा. न.

हे मी स्वतः लिहितेय. चार दिवस लागले. अक्षर सांभाळून घे.

त्या बाईचा अहवाल तुला दाखवला नव्हता. त्यात आहे: नीटनेटकी. स्वतः भाजते. किनाऱ्यावर फिरते. बहिणीने दुजोरा दिला. त्यावरून भत्ता गेला.

तेव्हा मीही गप्प बसले होते. तू इतकी खुशीत होतीस.

न्यायाधीश बाईंनी तेच वाक्य वाचलं. विचारलं, बहीण खोटं बोलली का? तुला खोटी ठरवायचं मला जमेना. मॉइराला बोलायची मनाई. त्यांनी निकाल राखून ठेवलाय. २४ एप्रिलला बहिणीने स्वतः येऊन सांगावं म्हणतात. न आल्यास अहवाल आहे तसा धरतील.

मी ठरवलं होतं, तुला बोलवायचं नाही. गाडी गेली तर जाऊ दे. बसची पायरी मला चढवत नाही, मग घरातच बसेन. मॉइरा त्या दिवसापासून भांडतेय. म्हणते, ताईला कळव, ती येईल.

बोटं थांबली.
थेल्मा

*

लाउथ, २७ मार्च

चि. थेल्मा हिस,
विनीचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उघडलं आणि आधी अक्षरच बघत बसले. मजकूर नंतर वाचला.

मी येते. अगं, रविवारी येऊन मी तुझे बटाटे सोलायची, बटणं लावायची, तुझं मांस कापून द्यायची, आणि परतीच्या बसमध्ये मनाला सांगायची की धाकटीचे लाड करतेय, बाकी काही नाही. दहा पावलांवर भिंत धरून तू थांबतेस, तेव्हा मी समुद्र बघत उभी राहायची. आपल्या घरात रडगाणं गायची रीत नाही. मला अभिमान मिरवायचा होता आणि त्याची किंमत तू दिलीस.

काल स्वयंपाकघरात मोठ्यांदा म्हणून पाहिलं की माझ्या बहिणीला स्वतःचे कपडे घालता येत नाहीत. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा अर्ध्यावर सोडून भांडी घासायला घेतली. पण तिथे म्हणेन, आणि मी खोटं बोलले हेही म्हणेन.

मॉइराचा हेवा अजून वाटतो, लपवत नाही. तरी तिला घेऊन ये आणि शेजारी बसव. मी तुझं सगळं दुखणं त्या तिघांपुढे एकेक करून सांगत असेन, तेव्हा तू माझ्याकडे बघू नकोस. मॉइराकडे बघ.

तुझी,
विनी