रंगूचे अर्धे विणलेले बेचके

मी, शालूबाई कै. नाथाजी बर्गे, वय सुमारे साठ, धंदा घरकाम, राहणार कोरेगाव, जिल्हा सातारा, हा लेख राजीखुशीने करून ठेवते. कान मंद झाले असले तरी बुद्धी जागेवर आहे. कोणी दडपण आणलेले नाही; आणण्याइतके जवळ कोणी राहिलेलेही नाही.

१. राहते घर माझा मुलगा जोतिबा यास. तो पलटणीत आहे, गेल्या दिवाळीलाही आला नाही. विकायचे असल्यास खुशाल विकावे.

२. ओढ्याकाठचा तुकडा माझे दीर भाऊसो यांस. तिथे शिंदीची बेटे होती. त्यांच्या पात्यांच्या चटया आणि भिंगऱ्या मी गल्लीतल्या पोरांकडून करून घेत असे. भाऊसोंनी ती बेटे पेटवली आणि ऊस लावला. मी धावत गेले तेव्हा म्हणाले, "वैनी, पोरं तर येत न्हाईत आता तुमच्याकडं. मग शिंदी राखायची कुणासाठी?" मी तशीच माघारी फिरले. यास माझी संमती समजू नये. भांडायचे त्राण उरले नाही, एवढेच.

३. पोरे का येत नाहीत तेही लिहवून ठेवते. दुष्काळात माझी सून बनुबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. बायकांची लहान पोरे मुकादमाने माझ्या हवाली केली. ताडपत्रीखाली ती आईसाठी टाहो फोडत. मी लिंबाच्या दोन फाटे फुटलेल्या बेचक्यांवर सुतळी ताणली आणि वाळके गवत ओवायला दिले. पोरे गप्प झाली. त्यांतच माझी नात रंगू होती, चार वर्षांची. ती गवतात तरवडाची पिवळी फुलेही गुंफायची.

वैशाखात तिला उलट्या-जुलाब लागले. दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत माझ्या मांडीवरच गेली. बनुबाई हातोडा टाकून धावत आली. "आत्याबाई, पोरीकडं बघायचं सोडून गवत विणत बसला व्हता व्हय?" सगळ्या बायांनी ते ऐकले. तेव्हापासून त्या आपली पोरे माझ्या दारावरून ओढून नेतात.

मी विणत नव्हते. रंगूला चमच्याने पाणी पाजत होते. त्या दिवशी ऐकून घेणारे कोणी नव्हते, म्हणून आज लिहवून ठेवते.

४. रंगूचे अर्धे विणलेले बेचके बनुबाईस. ती उंब्रजला माहेरी असते. मी एकदा घेऊन गेले होते. दाराआडूनच म्हणाली, "ते माज्यापुढं आणू नगा." ती घेणार नाही हे जाणूनच देते. नाकारल्यास माझ्या सरणावर ठेवू नये. ते माझे नाही.

५. विणण्याची रीत कोणास द्यावी ते कळत नाही. बेचके ओल्या फांदीचे घ्यावे, सुतळी ताठ बांधावी, गवत एकदा वरून, एकदा खालून घालावे. लहान मुलाच्या हातून गवत तुटते. रागावू नये, दुसरे द्यावे. ज्याच्या घरी मूल असेल त्याने ही रीत घ्यावी. कोणी घेईल असे वाटत नाही.

६. दुष्काळाआधी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात घर आणि ओढ्याकाठ, दोन्ही रंगूच्या नावे होते. ते या लेखाने रद्द केले आहे.

शालूबाई नाथाजी बर्गे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
लालासाहेब जाधव (सही)
साळूबाई लालासाहेब जाधव (अंगठा)

कोरेगाव, ता. १८ नोव्हेंबर १९७४