टाळ्यांच्या आधीचा खोकला

मी, खाली सही करणार लालासाहेब केशवराव साळुंखे, वय वर्षे चौसष्ट, पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार-क्लार्क, हल्ली धंदा शेती, राहणार उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. कराडच्या डॉक्टरांनी माझे हृदय कमजोर झाल्याचे सांगितले आहे. डोक्याला काही झालेले नाही. माझे धाकटे बंधू हंबीरराव गावात उलट सांगत असतात, म्हणून हे आधीच नमूद करतो.

१. नदीकडेचे उसाचे रान मी नोकरीतल्या कमाईतून घेतले आहे, ते वडिलार्जित नव्हे. ते रान आणि वाटणीत मला आलेले घर मी माझी सून विजयमाला मानसिंग साळुंखे हिला पूर्ण मालकीने देत आहे. तिने पुन्हा लग्न केले किंवा न केले, कुंकू लावले किंवा न लावले, तरी मालकीत फरक पडणार नाही. हंबीरराव म्हणतात, "आण्णा, सून दुसऱ्याच्या घरात गेली की रानबी गेलं." जाईल. रान माझे आहे.

२. सामाईक विहिरीवरची माझी पाण्याची पाळी हंबीररावांना द्यावी. त्यांना याहून जास्त काही का देत नाही, तेही लिहितो.

माझा मुलगा मानसिंग पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट आणि पुढे सॅक्सोफोन वाजवत असे. लढाईत बँडवाले स्ट्रेचर उचलतात. एकाहत्तरच्या डिसेंबरात तो एका जखमी जवानाला आणायला परत मागे गेला. स्ट्रेचर सापडले, तो सापडला नाही. तारेत 'बेपत्ता' असा शब्द होता. मी आयुष्यभर असले कागद लिहिले आहेत. बेपत्ता म्हणजे काय ते मला ठाऊक होते, आणि तरीही मी त्या शब्दाला धरून बसलो.

पुढच्या वर्षी मी बेळगावला पलटणीकडे चौकशीला गेलो असताना हंबीररावांनी मला न विचारता मानसिंगच्या नावाने दर्भाचा पुतळा करून नदीवर जाळला. बायका विजयमालाच्या बांगड्या फोडायला आल्या. तिने दाराला कडी घातली आणि मी येईपर्यंत उघडली नाही. हंबीरराव मला म्हणाले, "पोरगं गेलं, आण्णा. किती दिस वाट बघायची?" त्यानंतर आम्ही विहिरीवर सोडून कुठे बोललो नाही.

३. रेकॉर्ड प्लेअर आणि जाझच्या सर्व रेकॉर्डी मिरजेचे केरबा यांना द्याव्यात.

मिरज स्टेशनाजवळ केरबांचे रेडिओ दुरुस्तीचे आणि जुन्या रेकॉर्डींचे दुकान आहे. मिशनचे परदेशी डॉक्टर मायदेशी निघाले की रेकॉर्डी त्यांच्याकडे टाकून जातात. मानसिंग रजेवर येताना मिरजेला गाडी बदलायचा आणि दुसरी गाडी येईपर्यंत तिथे बसायचा. घरी येताना काखेत एक तरी रेकॉर्ड असे. मला ते वाजवणे म्हणजे भांडी पडल्यासारखे वाटे, आणि मी तसे त्याला सांगतही असे. तो हसायचा.

बेळगावहून परतताना मी त्या दुकानात शिरलो. नाव सांगितल्यावर केरबांनी आतून एक रेकॉर्ड काढली. "मानसिंगनं ठिवायला सांगितली हुती, साहेब. म्होरल्या रजंला नेतो म्हणला."

ती मी घरी आणून लावली. कुठल्या तरी अमेरिकन सभागृहात लोकांसमोर वाजवलेले होते ते. तिसरी चीज संपते, सॅक्सोफोन थांबतो, आणि टाळ्या पडायच्या आधी ऐकणाऱ्यांतला एक माणूस खोकतो. आधी मोठा, लगेच एक गिळलेला. विजयमाला चुलीपुढून उठून दारात आली.

"आबा, ह्ये तर त्येच हायत."

मी सुई मागे नेली. मानसिंग वाजवून झाले की बोलण्याआधी तसाच खोकायचा. लहानपणापासून. पाकिटाच्या मागे साल छापलेले आहे. ती रेकॉर्ड भरली तेव्हा मानसिंग उंब्रजच्या शाळेत होता. हे मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "व्हय आबा. पर परत लावा."

त्यानंतर मी रेकॉर्डी जमवू लागलो. मिरज, कोल्हापूर, बेळगाव, पुण्याच्या कॅम्पातल्या बोळांतली दुकाने. लोक समजले की म्हाताऱ्याला नाद लागला. मी फक्त लोकांपुढे वाजवलेल्याच घेत असे. जिच्यात टाळ्या नाहीत ती परत करीत असे. केरबांनी कारण विचारले नाही. टाळ्यांच्या तेवढ्या ते बाजूला काढून ठेवत. आम्ही दोघे बसून ऐकत असू, वाजवणाऱ्यांना नव्हे, तर समोर अंधारात बसलेल्यांना. ग्लास आपटतो, खुर्ची सरकते, कोणी बाई हसते. एवढ्या माणसांत तो कुठे बसला असेल, याचा आम्ही शोध घेत होतो. हळूहळू मला ते वाजवणेही आवडू लागले. हे त्याला सांगायचे राहिले.

दुसऱ्या कुठल्याही रेकॉर्डीत तो सापडला नाही. त्या एकीतच आहे. विजयमाला ती लावायच्या आधी पदर नीट करी आणि यंत्राशेजारी तांब्याभर पाणी ठेवी. ती बत्तीस वर्षांची झाली. माहेरच्यांनी एक स्थळ आणले होते, कारखान्यातला विधुर माणूस, मी स्वतः जाऊन पाहून आलो, चांगला आहे. ती म्हणाली, "त्येंचा आवाज येतोय की घरात. मी कशी जाऊ?"

४. ती एक रेकॉर्ड केरबांना देऊ नये आणि विजयमालालाही देऊ नये. ती माझ्याबरोबर सरणावर ठेवावी. वास सुटेल, तो लोकांनी सोसावा.

गेल्या महिन्यात पलटणीकडून कागद आला. बेपत्ता होऊन सात वर्षे उलटली. मानसिंग मयत समजण्यास हरकत नसल्याबद्दल पत्नीची व वडिलांची सही पाहिजे. तो कागद आठवडाभर फळीवर पडून होता. मग एका दुपारी मी रानातून आलो, तर विजयमाला यंत्रापुढे बसली होती आणि रेकॉर्ड नुसतीच फिरत होती.

"आबा, आज खोकला आला न्हाई," ती म्हणाली. "दोनदा लावली. सुईनं झिजला आसंल."

मी सुई तिसऱ्या चीजेवर ठेवली. सॅक्सोफोन थांबला. तो खोकला. आधी मोठा, लगेच गिळलेला, इतका जवळ की मी मान वळवली. टाळ्या सुरू झाल्या. विजयमाला माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला ऐकू आला होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. ती स्वतःसाठी तसे म्हणाली की माझ्यासाठी, तेही नाही.

मी म्हणालो, "व्हय पोरी. मलाबी न्हाई आला."

ती उठली, कागद खाली काढला आणि सही केली. मग आत जाऊन ती खूप वेळ रडली. मी सोप्यात बसून राहिलो. माझ्या सहीची जागा तेव्हा मोकळीच ठेवली.

५. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून केरबांना नेमतो. लग्न ठरल्यास विजयमालाची पाठवणी माझ्याच घरातून व्हावी. हंबीररावांना आमंत्रण द्यावे. ते आले तर त्यांना मानाने बसवावे. पुतळा जाळताना ते रडत होते, असे मला अलीकडे कळले आहे.

६. वारस. माझी पत्नी पूर्वीच वारली. मुलगा एकच, मानसिंग. त्या सभागृहात तो मला अजून ऐकू येतो आणि मी जिवंत आहे तोवर येत राहील. तरी माझ्या पश्चात कोणी या कागदावर बोट ठेवू नये, म्हणून मी शुद्धीवर असताना, माझ्या अक्षरात लिहितो: मानसिंग लालासाहेब साळुंखे, मयत.

पलटणीच्या कागदावरही आज सही केली.

हे मृत्युपत्र लिहून, साक्षीदारांना वाचून दाखवून, त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : उंब्रज
दिनांक : १८ फेब्रुवारी १९७९

(सही) लालासाहेब केशवराव साळुंखे

साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही झाली :
१. (सही) बाळासो रामचंद्र थोरात, राहणार उंब्रज
२. (सही) हंबीरराव केशवराव साळुंखे, राहणार उंब्रज. विहिरीचे पाणी मला नको. ते सुनेच्या रानाला द्यावे.