रंग न धरणारं पाणी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. आज सुप्याच्या कारखान्यात ब्युरेटची काचनळी भरताना तुम्ही आठवलात, म्हणून लिहायला बसले.

पारनेरच्या कॉलेजात तुम्ही आम्हाला आपापल्या घरचं पाणी आणायला सांगितलं होतं. चंबूत पाणी, थोडं ॲसिड, खाली बर्नर आणि वर ब्युरेटमधून थेंबाथेंबानं पडणारं जांभळं परमँगनेट. "पाण्यात कुजकं काही असेल तर परमँगनेट त्याला जाळतं आणि जाळता जाळता स्वतःचा रंग घालवून बसतं. जाळायला काही उरलं नाही, की पुढचा थेंब गुलाबी राहतो. तिथं थांबायचं," तुम्ही म्हणालात.

सगळ्यांचे चंबू गुलाबी झाले. माझा होईना. थेंब पडतो, जांभळी रेघ खाली उतरते आणि कुणीतरी आतून पुसून घेतल्यासारखी नाहीशी होते. तुम्ही ब्युरेट पुन्हा भरलीत. मग बर्नर बंद करून तुम्ही हळूच विचारलंत, "हे पाणी घरात पितात?"

"हो सर."

तुम्ही मला स्कूटरवर बसवून आमच्या वस्तीवर आलात. माझे वडील, अण्णा, चिडले. "पान्याला काय झालंय? मोटारीनं टाकीत येतं, आमी रोज पितो. जरा वास येतोय, पन तो गाळाचा हाय."

"विहीर तेवढी दाखवा," तुम्ही म्हणालात.

विहीर शेताच्या टोकाला. मोटार घरातूनच चालू व्हायची, त्यामुळे तिकडे कुणी फिरकत नसे. लख्ख ऊन होतं, तरी काठावर एक पाखरू नव्हतं. तुम्ही वाकून पाहिलंत आणि मागे हात करून मला अडवलंत. अण्णांनी पुढे होऊन आत पाहिलं. "शेजारची म्हातारी... लेकीकडं राह्याला गेली म्हनत हुते."

तिच्या घरच्यांना वाटत होतं ती लेकीकडे पोचली, लेकीला वाटत होतं ती घरीच आहे. तिला कुणी शोधतच नव्हतं. आणि आम्ही त्या पाण्याचा चहा करत होतो.

अण्णांनी ती विहीर बुजवली. मी मात्र केमिस्ट्री सोडली नाही. आता कारखान्याचं सांडपाणी तपासते. गुलाबी अर्धा मिनिट टिकलं की आकडा लिहायचा, असा नियम. पण सर, त्यानंतर तो रंग हळूहळू विरायला लागतो. उरलेलं परमँगनेट हळूहळू आपोआप मोडतं, हे त्यामागचं साधं कारण मला ठाऊक आहे, लॅबमधल्या मुलींना मीच समजावते. त्या म्हणतात, मॅडम चंबू लगेच धुऊन ठेवतात, फार टापटीप.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. टापटीप वगैरे काही नाही. तो रंग पुरता गेलेला मला बघवत नाही.